पाणी घालू नये

रिठदच्या जानरावांच्या ओसरीवर त्या संध्याकाळी शपथविधी पार पडला. सातवीतल्या संस्कृतीने आजोबा, आजी, आई आणि बाबा अशा चौघांना एका रांगेत बसवलं, विज्ञानाचं पुस्तक पुढे धरलं आणि प्रत्येकाला त्यावर हात ठेवायला लावला.

"म्हना, मी डबा नंबर दोनले पानी घालनार नाई."

जानराव तीन वेळा सरपंचपदाला उभे राहून तिन्ही वेळा पडलेले. शपथ घ्यायचा योग त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच येत होता आणि तो असा येईल हे त्यांना वाटलं नव्हतं. पुस्तकावर ठेवलेला हात त्यांनी पुन्हा उचलला.

"काहून घालनार नाई? मरून जाईन ना थे!"

"मरालेच पाह्यजे आबा. तोच तं प्रयोग हाय."

"शिव शिव! काय बोलते वं पोरगी," आजी, म्हणजे तुळसाबाई, म्हणाल्या. "सांजच्या वक्ती!"

प्रयोग तसा अगदी साधा होता. तेलाच्या तीन रिकाम्या डब्यांना खाली भोकं पाडून त्यात माती भरलेली होती आणि प्रत्येकात सोयाबीनचं एकेक रोप दोन-दोन पानं काढून उभं होतं. नंबर एकला ऊन मिळणार आणि पाणीही मिळणार. नंबर दोनला ऊन मिळणार, पण पाणी नाही. नंबर तीनला पाणी मिळणार, पण ऊन नाही, म्हणून तो धान्याच्या रिकाम्या कोठीत ठेवायचा. झाडाला काय काय लागतं हे त्यावरून सिद्ध होणार होतं. हे सिद्ध करायची काय गरज आहे, ते या घरातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे, असं जानरावांचं मत होतं. पण ते त्यांनी मनातच ठेवलं, कारण नातीने गेल्या साली जे सोसलं ते सगळ्या घराला ठाऊक होतं.

गेल्या साली तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात संस्कृतीची पवनचक्की गेली होती. संस्कृतीची म्हणजे तिचे बाबा विकास यांची. त्यांनी सोयाबीन काढणीची कामं बाजूला सारून, वाशीमहून मोटार आणून, रंगबिंग देऊन अशी फर्मास पवनचक्की केली होती की पोरीला तिला हात लावायचीसुद्धा परवानगी नव्हती. परीक्षकांनी विचारलं, "बेटा, ही फिरते कशामुळे?" संस्कृतीने खरं ते सांगितलं, "बाबाले माहीत." सगळा हॉल हसला होता. घरी आल्यावर पवनचक्की पोरीने गोठ्याच्या माळ्यावर टाकून दिली.

यंदा विज्ञान शिकवायला सुकेशनी मॅडम आल्या आणि त्यांनी पालकसभेत सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "मुलांचे प्रयोग मुलांना करू द्या. घरी मदत करायची म्हणजे प्रश्न विचारायचे, जागा द्यायची आणि हात मागे बांधून उभं राहायचं. घरच्यांनी हात लावलेला प्रयोग मी प्रदर्शनाला नेणार नाही." विकासने मान खाली घालून ते ऐकलं होतं. तेव्हा या वर्षी संस्कृतीला जायचं होतं, ते स्वतःचं काहीतरी घेऊन. तेवढ्यासाठीच हा शपथविधी होता.

चौघांनी शपथ घेतली. संस्कृतीने नंबर दोनवर पुठ्ठ्याची पाटी लावली, 'पाणी घालू नये', आणि डबा अंगणात तुळशीशेजारी ठेवून दिला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग नंबर दोनच्या पानांनी माना टाकल्या.

आता ज्यांच्या घरी शेती नाही त्यांना सोयाबीनचं रोप सुकणं म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. पेरणी होते, पावसाचा खंड पडतो आणि कोवळं शिवार दुपारी मान टाकून उभं राहतं, तेव्हा शेताच्या धुऱ्यावर उभ्या माणसाला काही करता येत नाही. नुसतं पाहावं लागतं. जानरावांनी असं पाहण्यात किती आषाढ घालवले होते. आणि इथे तर ढगांची वाट बघायची नव्हती. अंगणात पाण्याने भरलेला रांजण होता, पलीकडे नळ होता आणि मधे एक पुठ्ठ्याची पाटी होती. त्यात शेजारच्या हिरीबाई कुंपणावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय जानरावभाऊ, सारा गाव तुमाले बियान्याचं इचारते, अन् तुमच्या आंगनात सोयाबीन वायून राह्यलं?"

जानरावांना ते फार लागलं. दुपारी जेवण झाल्यावर ते नेहमीच्या दगडापाशी न जाता तुळशीशेजारी गेले आणि तिथे हात धुतले. चांगले तांब्याभर धुतले, कोपरापर्यंत. पाणी घालणार नाही अशी शपथ होती. हात धुणार नाही अशी कोणी घेतली होती? खाली डबा होता, त्याला ते काय करणार.

तुळसाबाईंची अडचण वेगळी होती. त्या रोज सकाळी तुळशीला पाणी घालत आणि शेजारीच ते पोर तहानलेलं उभं. एकाला द्यायचं आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं, हे काही त्यांच्या धर्मात बसेना. म्हणून त्यांनी सूर्याला अर्घ्य द्यायला सुरुवात केली. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी अर्घ्य कधी दिलं नव्हतं, पण धर्म करायला वय लागत नाही. सूर्य कुठूनही दिसत असला तरी त्यांना तो नंबर दोनच्या वरूनच नीट दिसायचा.

विकासने हात मागे बांधून ठेवले होते, अगदी मॅडमने सांगितले तसे. पण हरभऱ्यावर फवारणी करून आला की पंपात थोडं औषध उरायचं. विद्राव्य खत, चांगलं महागाचं. ते फेकायचं कुठे? "हे काई पानी नोहे," त्याने स्वतःला समजावलं, "खत हाय." आणि पंपाची नळी त्याने नंबर दोनकडे वळवली. संस्कृतीच्या आईने, वर्षाराणीने, तर काहीच केलं नाही. तिने फक्त धुणं वाळत घालायची दोरी सोडून ती तुळशीवरून बांधली आणि लुगडी, चादरी न पिळता वाळत टाकायला लागली.

यातलं कोणालाच दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण चिमूटभर पाप करतोय आणि बाकीचे तिघे देवमाणसं आहेत.

उरला नंबर तीन. तो कोठीच्या अंधारात. तुळसाबाई तांदूळ काढायला गेल्या की शेजारच्या त्या रिकाम्या कोठीतून त्यांना जणू कोणी हाक मारायचं. "लेकराले कोंडून ठेवलं गा," असं म्हणत, संस्कृती शाळेत गेली की त्या डबा काढून उन्हात ठेवायच्या आणि शाळा सुटायच्या आत परत कोठीत.

या मायेतून सुटला तो फक्त नंबर एक. "त्याले तं पोरगी पाहतेच," म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला संस्कृती मॅडमने सांगितल्याप्रमाणे झाकणाने मोजून पाणी घालायची आणि तो बिचारा तेवढ्यावर जमेल तसा वाढत होता.

प्रदर्शन जवळ आलं. संस्कृतीने पट्टी लावून तिन्ही रोपं मोजली, मग डोळे चोळले आणि पुन्हा मोजली. ज्याला पाणी नाही तो नंबर दोन सगळ्यांत उंच, हिरवागार, फुलोऱ्यावर आलेला. ज्याला ऊन नाही तो नंबर तीन त्याच्या खालोखाल. आणि ज्याला सगळं मिळत होतं तो नंबर एक सगळ्यांत बुटका.

शाळेत तिने सुकेशनी मॅडमना सांगितलं, तेव्हा मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"पाणी नाही, तरी फुलोरा?"

"हो मॅडम. पानं तं अशी तळहाताएवढी."

"संस्कृती, मग एक तर तू फार मोठा शोध लावलास," मॅडम म्हणाल्या, "नाहीतर तुझ्या घरी कोणीतरी फार मायाळू माणूस आहे. निरीक्षण वाढव. वेळ बदलून बघ."

वेळ बदलायला शनिवार उपयोगी पडला. शनिवारी शाळा सकाळची असते हे घरातली मोठी माणसं दर शनिवारी विसरत. संस्कृती दुपार व्हायच्या आत परतली, दप्तर फाटकाशी ठेवलं आणि पावलं न वाजवता अंगणात आली.

जानराव तांब्या घेऊन कोपरापर्यंत हात धूत होते. त्या दिवशी त्यांनी जेवणाची वाटसुद्धा पाहिली नव्हती. तुळसाबाईंना त्या दिवशी उशीर झाला म्हणून त्या आताच अर्घ्य द्यायला आल्या होत्या आणि डोळे मिटून सूर्याचं नाव घेत कलश ओतत होत्या, तो थेट जानरावांच्या धोतरावर. विकास पाठीला पंप लावून शेतातून आला, तो थेट तुळशीकडे वळला आणि त्याची नळी तुळसाबाईंच्या पाठीला लागली. आणि वर्षाराणी निथळती चादर घेऊन दोरीशी आली, तिला पलीकडचं काही दिसेना, म्हणून तिने ती झटक्यात टाकली, ती तिघांच्या डोक्यावर.

चादरीखालून थोडा वेळ नुसतेच आवाज येत राहिले.

"कोन हाय बे?"

"म्या हाय!"

"तू काय करून राह्यली इथं?"

"म्या देवाचं करून राह्यली! तुमी काय करून राह्यले?"

"हात धुवून राह्यलो! या पोट्ट्याले इचार, फवारा कायले आनला?"

"बाबा, थे खत हाय, पानी नाई!"

"तरीच म्हनलं," जानराव चादरीतून डोकं बाहेर काढत ओरडले, "म्या एवढंसं पानी देतो अन् मातीचा चिखल कसा होते! सारे मिळून बुडवता का झाडाले?"

मग त्यांना समोर नात दिसली. चौघेही ओलेचिंब, गुन्हेगारासारखे उभे राहिले. मधे नंबर दोन तजेलदार पानं हलवत होता आणि त्याच्यावर पाटी होती, 'पाणी घालू नये'.

संस्कृती ओरडली नाही. ती डब्याशेजारी बसली आणि रडायला लागली. "माह्यं आता कोनी नाई नेनार प्रदर्शनात. पुन्हा म्हनतीन, हिचं तं घरच्यायनंच केलं. अन् खरंच हाय ना थे!"

चौघांनाही खरोखर वाईट वाटलं. विकास तर पवनचक्कीच्या आठवणीने मान वर करीना. वर्षाराणीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, पण ती निथळत होती म्हणून पुन्हा मागे घेतला. शेवटी जानराव ओल्या धोतराने तसेच फटफटीवर मागे बसले, विकासने गाडी मारली आणि दोघांनी सुकेशनी मॅडमना घरी आणलं. सगळा गुन्हा त्यांनी मॅडमपुढे कबूल केला. हात धुणं, अर्घ्य, फवारणी, चादर, कोठी, काही लपवलं नाही.

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. बराच वेळ धरला. मग त्या संस्कृतीजवळ बसल्या.

"मला सांग, तुला काय सिद्ध करायचं होतं?"

"झाडाले पानी लागते."

"ते तर पुस्तकात आहे. आणि तुला दिसलं काय?"

संस्कृतीने नाक पुसलं. तिने आजोबांकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. "असं दिसलं," ती हळूहळू म्हणाली, "आमच्या घरी झाड पान्यावाचून ठेवताच येत नाई."

"मग तोच तुझा प्रयोग. घरच्यांनी हात लावला, हे खरं. पण ते तुझ्या प्रयोगात मदत करत नव्हते. तेच तुझा प्रयोग होते."

हे समजायला जानरावांना थोडा वेळ लागला. समजल्यावर ते बसल्या जागी उठून उभे राहिले.

"म्हंजे आमाले मांडता का प्रदर्शनात?"

"तुम्हाला नाही, आबा. तुमच्यावरचं तिचं निरीक्षण."

"माह्या इज्जतीचा पंचनामा झाला म्हना ना," जानराव म्हणाले. आणि जरा थांबून वर्षाराणीला म्हणाले, "माह्यं पांढरं धोतर कुठं हाय वं? इस्तरी कर त्याले."

प्रदर्शनाच्या दिवशी रिसोडच्या एका शाळेचा हॉल ज्वालामुखी, चांद्रयान आणि पाण्यावर चालणाऱ्या गाड्यांनी भरून गेला होता. या सगळ्यांत संस्कृतीच्या टेबलावर तीन डबे आणि मागे मोठा कागद होता: 'शेतकऱ्याच्या घरात झाड पाण्यावाचून ठेवता येते का?' टेबलाशेजारी कडक धोतरात जानराव उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःच सांगत होते, "हात धुनारा म्या."

परीक्षक राजपाल सर शिस्तीचे. अख्ख्या तालुक्यातले शिक्षक त्यांना वचकून असत. त्यांनी संस्कृतीचं सगळं ऐकून घेतलं. मधे एक-दोन प्रश्न विचारले, त्यांची तिने न अडखळता उत्तरं दिली. कोणी काय केलं, कधी केलं, का केलं, नंबर एक बुटका का राहिला, सगळं. सरांचा चेहरा मात्र हलला नाही.

"निरीक्षण चांगलं आहे," ते म्हणाले. "पण एका घरावरून अनुमान काढता येत नाही. तुमच्या घरची माणसं भावनाप्रधान असतील. विज्ञानात प्रयोग दुसरीकडे, दुसऱ्या माणसांवर केला तरी तेच उत्तर यायला पाहिजे. आलं नाही, तर ती नुसती घरची गंमत झाली. गमतीला नंबर देता येत नाही."

जानरावांचं तोंड उतरलं. संस्कृतीचंही उतरलं, पण क्षणभरच.

"मंग इथंच करून पाहू ना सर."

"इथे?"

"हो. इथं तं समदे शिकलेले लोक हायत."

सुकेशनी मॅडम खोकल्या. राजपाल सरांनी पोरीकडे निरखून पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. पाहुण्यांसाठी दारात शोभेच्या कुंड्या मांडलेल्या होत्या आणि त्यातली एक शेवंती पार मान टाकून बसली होती.

"ठीक," सर म्हणाले. "ती कुंडी माझ्या टेबलावर ठेवा. माती कोरडी आहे, सगळ्यांनी हात लावून बघा. मी स्वतः लक्ष ठेवतो. जेवणानंतर निकालाआधी पाहू." त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लिहिली, 'पाणी घालू नये', खाली 'आदेशावरून' असंही लिहिलं आणि सही केली.

विकासने वडिलांना दंडाला धरून हॉलबाहेर नेलं आणि जेवण होईपर्यंत चहाच्या टपरीवरून हलू दिलं नाही. तुळसाबाई आणि वर्षाराणी घरीच होत्या. म्हणजे रिठदचा एकही संशयित आसपास नव्हता. टपरीवर बसून जानराव सारखे म्हणत होते, "काई होत नाई आता. शिकलेल्या मान्साले माया नसते बाप्पा. माह्या नातीचा नंबर गेला."

निकालाची वेळ झाली. सगळा हॉल सरांच्या टेबलाभोवती जमला. शेवंती ताठ उभी होती. कुंडीखालून पाण्याचा ओघळ निघून टेबलावरून सरांच्या कागदांपर्यंत आला होता.

"कोणी घातलं पाणी?" राजपाल सरांचा आवाज हॉलभर घुमला.

संस्कृती पेन घेऊन पुढे झाली. तिने दमदाटी केली नाही, नुसतं विचारत गेली, घरी विचारलं होतं तसंच.

शिपाई सेवालाल म्हणाला, "मी फडका पिळला फक्त. टेबल पुसत होतो. आता तिथंच पिळला गेला, त्याले काय करू?"

खिचडी रांधणाऱ्या चंपाबाई म्हणाल्या, "तांदूळ धुतलेलं पानी होतं पोरी. त्याले पानी नाई म्हनत, धोवन म्हनते."

चांद्रयानवाल्या शाळेचे गुरुजी म्हणाले, की त्यांच्या हातातला पेला कलंडला. कसा कलंडला ते सांगता येणार नाही.

संस्कृतीने सुकेशनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम छताचे पंखे मोजू लागल्या. "थेंबभर," त्या पुटपुटल्या. "बाटलीत उरलं होतं ते."

जानराव आता पुढे येऊन सगळं मिटक्या मारत ऐकत होते. संस्कृतीने एवढ्यांची नोंद करून घेतली आणि मग राजपाल सरांकडे वळली. सरांच्या टेबलावरची पाण्याची बाटली रिकामी होती आणि तिचं झाकण कुंडीतल्या मातीत पडलेलं होतं.

सरांनी ते झाकण उचललं, रुमालाने पुसलं आणि बाटलीला नीट बसवलं.

"सर," जानरावांनी अदबीने विचारलं, "तुमचं गाव कोन्तं?"

"धनज."

"घरी काय असते?"

"कपाशी," सर म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "अन् तूर. बाप होता तोवर मीच पाहत होतो." त्यांनी शेवंतीकडे पाहिलं. "जेवायला बसलो तर ती समोर, मान टाकून. घास उतरेना हो!"

मग सरच हसले आणि सगळा हॉल हसायला लागला. सरांनी हातातला कागद सरळ केला, पहिल्या नंबरापुढे संस्कृतीचं नाव लिहिलं आणि जाहीर केलं की प्रयोग दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसांवर करून तंतोतंत सिद्ध झालेला आहे आणि तो जिल्ह्याला वाशीमला जाईल. जानरावांनी धोतराच्या सोग्याने डोळे टिपले आणि चंपाबाईंना वाकून नमस्कार केला.

संस्कृती मात्र अजून आपल्या मोठ्या कागदापुढेच उभी होती. आजोबा, आजी, आई, बाबा यांच्या नावांखाली तिने सेवालालदादा, चंपाबाई, गुरुजी आणि मॅडम अशी नावं नीट लिहिली आणि पेन रोखून सरांकडे पाहिलं.

"सर, तुमचंबी टाकू?"

"टाकावं तर लागेल," राजपाल सर हळूच म्हणाले. त्यांनी आजूबाजूला जमलेल्या शिक्षकांवरून नजर फिरवली आणि तिच्याकडे वाकले. "पण नाव नको टाकू, बेटा. 'एक शेतकरी' म्हणून लिही."